घरातला समुद्र

मुलांनो, पेण आणि रोहा ही दोन्ही गावे समुद्रापासून तशी लांब नाहीत. पेणजवळ धरमतरची खाडी आहे. रोह्याची कुंडलिका नदी पुढे रेवदंड्याजवळ समुद्राला मिळते. भरतीचे खारे पाणी खाडीतून आत येते, म्हणून तर आपल्याकडे खारभूमी आहे, तिला अडवणारे बांध आहेत आणि तळ्यांत वाढवलेला जिताडाही आहे. तरीसुद्धा तुमच्यापैकी फार थोड्यांनी जिवंत प्रवाळ पाहिले असेल. प्रवाळाला स्वच्छ पाणी आणि ऊन लागते. आपल्या खाडीचे पाणी गढूळ, आणि पावसाळ्यात तर ते जवळजवळ गोडेच होते.

माझ्या पेणच्या घरी बैठकीच्या खोलीत एक काचेची पेटी आहे. तिच्यात शंभर लीटर खारे पाणी आहे. त्या पाण्यात नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन विदूषक मासे आहेत, शेवाळ खाणाऱ्या काही गोगलगायी आहेत आणि दगडांवर छोट्या छत्र्यांसारखे मऊ प्रवाळ चिकटलेले आहेत. शाळेतील मुले घरी आली की सरळ पेटीपाशी जातात. 'टीचर, हे फूल कोणते?' असे पहिल्यांदा आलेला प्रत्येक जण विचारतो.

ते फूल नव्हे. प्रवाळ हा प्राणी आहे. उर्दूत तुम्ही ज्याला मर्जान किंवा मूंगा म्हणता, मराठीत ज्याला पोवळे म्हणतात, ते याच्याच एका भाईबंदाचे हाड समजा. प्रवाळाचा एकेक जीव लहानशा पिशवीसारखा असतो. पिशवीच्या तोंडाभोवती मऊ बोटे असतात. त्या बोटांनी तो पाण्यातले सूक्ष्म जीव पकडतो. परंतु त्याचे मोठे पोषण निराळ्याच मार्गाने होते. त्याच्या शरीरात अतिशय बारीक शेवाळ राहते. ते उन्हाच्या मदतीने अन्न तयार करते आणि त्यातला बराचसा वाटा प्रवाळाला देते. त्या बदल्यात त्याला राहायला सुरक्षित जागा मिळते. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एकदोन अंशांनीच जास्त तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, तरी हा संसार मोडतो. शेवाळ बाहेर पडते आणि प्रवाळ पांढरे पडते. लक्षद्वीपच्या प्रवाळांवर १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षी अशी पाळी आली होती.

आता मिठाची गोष्ट. मी पेटी आणली तेव्हा माझ्या सासूबाई म्हणाल्या, "खारं पाणीच हवं ना? पेणची सून आणि मिठाची चिंता! स्वयंपाकघरातून घे की मूठभर." त्यांचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. पेण तालुक्यातील खाडीकाठची मिठागरे त्यांनी लहानपणी पाहिली होती. समुद्राच्या पाण्यातून जे मीठ निघाले, ते पुन्हा पाण्यात विरघळवले की समुद्र तयार व्हायला काय हरकत आहे?

हरकत आहे, आणि ती मिठागरातच लपलेली आहे. मिठागरात समुद्राचे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात नेत आटवतात. पाणी आटू लागले की पहिल्यांदा चुन्याचे क्षार तळाशी बसतात, मग जिप्सम. त्यानंतर शेवटच्या वाफ्यात आपले मीठ पिकते. मीठ ओढून घेतल्यावर जे कडवट पाणी उरते ते सोडून देतात. त्यात मॅग्नेशियम असते. म्हणजे मिठाच्या आधी कॅल्शियम गेले, मिठाच्या नंतर मॅग्नेशियम गेले. आपल्या हाती आले ते जवळजवळ नुसते मीठ. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांपैकी जेवणातले मीठ सुमारे २७ ग्रॅम. उरलेल्या आठ ग्रॅमवर समुद्रातले किती जीव अवलंबून असतात! गोगलगायीला शिंपला बांधायला कॅल्शियम हवे. कठीण प्रवाळाला सांगाडा बांधायला तर ते फारच हवे. म्हणून पेटीसाठी सर्व क्षार योग्य प्रमाणात मिसळलेली तयार पूड मिळते, तीच वापरावी लागते. सासूबाईंना मी हे सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे आम्ही आयुष्यभर उरलंसुरलंच खाल्लं म्हणायचं!"

ही पूड कोणत्या पाण्यात घालायची, हाही प्रश्न आहे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. बोअरच्या पाण्यात निरनिराळे क्षार असतात. पाणी तांब्याच्या किंवा पितळेच्या भांड्यात ठेवले असेल तर आणखी वाईट, कारण अगदी थोडे तांबेसुद्धा प्रवाळ, कोळंबी, गोगलगाय अशा जिवांना विषासारखे असते. म्हणून मी गाळणयंत्रातून शुद्ध केलेले पाणी प्लॅस्टिकच्या पिंपात साठवते आणि त्यात पूड विरघळवून एक रात्र ढवळत ठेवते.

आता माझी चूक सांगते. पहिल्याच वर्षीचा मे महिना होता. पंख्याच्या वाऱ्याने पेटीतले पाणी रोज सुमारे दोन लीटर कमी होत असे. खाऱ्या पाण्याची पेटी म्हणून मी दर पाच दिवसांनी दहा लीटर खारे पाणीच त्यात ओतत गेले. पंधरा दिवसांनी छत्र्या आक्रसून काळपट झाल्या. एक मासा कोपऱ्यात जाऊन जोरजोराने श्वास घेऊ लागला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो मेलेला दिसला. मला वाटले, रोग आला.

वहीत हिशेब करून पाहा. शंभर लीटर पाण्यात लीटरला ३५ ग्रॅमप्रमाणे ३५०० ग्रॅम क्षार होते. दहा लीटर पाणी वाफ होऊन गेले. वाफेबरोबर क्षार जात नाहीत, ते पेटीतच राहतात. मी त्यात दहा लीटर खारे पाणी ओतले, म्हणजे आणखी ३५० ग्रॅम क्षार घातले. असे तीनदा केले. एकूण क्षार ४५५० ग्रॅम झाले, म्हणजे लीटरला साडेपंचेचाळीस! मी विज्ञान शिकवते, बाष्पीभवनाचा धडा दरवर्षी घेते, आणि माझ्याच घरात मी मासा मारला. आटलेल्या पाण्याच्या जागी साधे शुद्ध पाणीच घालायचे असते. क्षार मोजण्याचे एक स्वस्त काचेचे साधन मिळते. तेव्हा ते माझ्याकडे होते, पण मी ते कपाटात ठेवले होते.

पाणी तयार झाले की लगेच मासे सोडायचे नाहीत. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. तो समुद्रात कोठल्या कोठे पसरून जातो. पेटीत मात्र साठतो आणि माशांचाच जीव घेतो. दगडांवर राहणारे एक प्रकारचे जीवाणू अमोनियापासून नायट्राइट बनवतात. तेही विषारीच. दुसरे जीवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात आणि ते त्या मानाने पुष्कळच कमी घातक असते. हे जीवाणू वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. एखाद्या जुन्या, निरोगी पेटीतला एक दगड आणून ठेवला तर काम लवकर होते. तुमची अम्मी दुधाला विरजण लावते ना, तसेच हे. पण विरजण लावल्यावर भांडे पुन्हा पुन्हा हलवले तर दही नीट लागत नाही. इथेही वाट पाहावी लागते. उरलेले नायट्रेट काढण्यासाठी मी दर आठवड्याला दहा लीटर पाणी बदलते. या वेळी मात्र नवे पाणी खारे असते. का, ते वरच्या हिशेबावरून तुम्हीच शोधून काढा.

माझ्या पेटीतले दगड समुद्रातले नाहीत. सिमेंट आणि शिंपल्यांचा चुरा कालवून ते मी घरीच केले. नवे सिमेंट पाण्याचा गुण बिघडवते, म्हणून ते दगड कित्येक आठवडे गोड्या पाण्यात बुडवून ठेवले आणि पाणी वारंवार बदलले. आज त्यांवर जांभळट थर चढला आहे आणि ते कोणी घरी केले असतील असे वाटतही नाही.

उन्हाळ्यात आपल्याकडे पाणी तापते. प्रवाळांना सुमारे २५ ते २७ अंश सेल्सिअस तापमान मानवते. मी पाण्याच्या पृष्ठावर वारा येईल असा छोटा पंखा लावला आहे. त्याने पाणी दोनतीन अंश थंड होते. मातीचा माठ ज्या कारणाने थंड राहतो तेच कारण येथेही आहे. वीज गेली तर मात्र घाई करावी लागते. दिवे काही तास नसले तरी चालते, पण पाणी हलायचे थांबले की त्यातला ऑक्सिजन कमी होऊ लागतो. म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप पेटीशेजारीच टांगलेला असतो. पावसाळ्यात रात्री वीज गेली की घरात सर्वांत आधी मेणबत्ती नव्हे, तो पंप शोधला जातो.

गेल्या वर्षी एक मुलगा मालवणच्या सहलीहून आला आणि त्याने मला रुमालात बांधलेला पांढरा, फांद्यांचा तुकडा दिला. "टीचर, तुमच्या पेटीसाठी. वाळूत पडला होता." त्याने तो मोठ्या प्रेमाने आणला होता. मला त्याला सांगावे लागले की तो कठीण प्रवाळाचा सांगाडा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. २००१ पासून कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे या साऱ्यांना त्यात वाघाच्या बरोबरीचे संरक्षण आहे. जिवंत तर नाहीच, मेलेला तुकडाही घरी नेता येत नाही, विकत घेता येत नाही. "वाघाच्या बरोबरीचं?" त्याने दोनदा विचारले. त्याचे वडील आणि मी तो तुकडा वनखात्याच्या कार्यालयात देऊन आलो. मुंबईत किनारी रस्ता बांधताना वरळी आणि हाजी अली येथील प्रवाळांच्या अठरा वसाहती २०२० साली काळजीपूर्वक उचलून दुसऱ्या जागी लावाव्या लागल्या, तेही याच कायद्यामुळे. मुंबईच्या गढूळ किनाऱ्यावर प्रवाळ आहेत हे पुष्कळ लोकांना तेव्हाच कळले.

मग माशांचे काय? काही देशांत खडकांत लपलेले रंगीत मासे पकडण्यासाठी पाण्यात सायनाइड फवारतात. मासा गुंगतो आणि हाती लागतो, पण आजूबाजूचे प्रवाळ मरतात. म्हणून मासा घेताना तो पेटीत जन्मलेला आहे की समुद्रातून धरलेला, हे मी दुकानदाराला आधी विचारते. विदूषक माशांची पैदास आपल्या देशात होते. केरळातील विळिंजम येथे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या केंद्राने ती करून दाखवली. आपल्या जवळ, ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातही या माशांची पिल्ले वाढवण्यात आली आहेत.

या माशांची एक गंमत आहे. सगळे जन्मतः नर असतात. जोडीतला मोठा मासा पुढे मादी बनतो. माझ्या पेटीतल्या जोडीने या वर्षी एका सपाट दगडावर शेकडो नारिंगी अंडी घातली. नर दिवसभर परांनी त्यांना वारा घालत होता. मी हात घातला तर बोटाला चावे घेत होता. आठव्या रात्री दिवा बंद केल्यावर पिल्ले बाहेर आली, केसांच्या तुकड्यांएवढी. तिसऱ्या दिवशी त्यांतले एकही उरले नाही, कारण त्यांच्या तोंडात मावेल असे अन्नच माझ्याकडे नव्हते. त्यांना रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव लागतात, आणि रोटिफरना खायला हिरवे सूक्ष्म शेवाळ लागते.

आता आमच्या सज्जात सहा बाटल्यांत तेच शेवाळ वाढते आहे. रोह्याला राहणारी माझी भाची सना सुटीत आली होती. बाटल्यांवर तारखा तिनेच लिहिल्या आहेत. जोडीने परवा पुन्हा अंडी घातली. सना रोज संध्याकाळी फोन करून विचारते, "खालाजान, पाणी हिरवं झालं का?" चार बाटल्या झाल्या आहेत. दोन अजून फिक्या आहेत.