मांजराची आंघोळ : कमी भीती, कमी ओरखडे



पाळीव प्राण्यांचा पाठ आला की वर्गात एक प्रश्न हमखास येतो, "बाई, कुत्र्याला आंघोळ घालतात, मग मांजराला का नाही?" काही मुलं उत्तराची वाट न बघता घरी प्रयोगच करतात. सुट्टीच्या दुपारी मांजर उचलायचं, बाथरूमचं दार लावायचं आणि नळ सोडायचा. मग मुलाच्या हातावर ओरखडे आणि मांजर दोन दिवस माळ्यावर! म्हणून हा विषय आपण आधी समजून घेऊ, मग मुलांना सांगू.

१. आंघोळ लागते का?

बहुतेक निरोगी मांजरांना लागत नाही. मांजराची जीभ खरखरीत लागते, कारण तिच्यावर मागे वळलेले बारीक काटे असतात. जागेपणाचा बराच वेळ मांजर या जिभेने अंग विंचरत असतं. धूळ लागली तर ओल्या फडक्याने पुसणं आणि कंगवा फिरवणं पुरतं.

पण कधी कधी आंघोळ घालावीच लागते. धुळवडीचा रंग अंगावर पडला, गाडीखाली बसून ऑइल लागलं, डॉक्टरांनी त्वचेसाठी औषधी शाम्पू दिला, किंवा म्हातारपणामुळे मांजराला स्वतःला चाटणं जमेनासं झालं, तर. इथे एक गोष्ट मुलांना जरूर सांगा : जी जीभ अंग स्वच्छ करते, तीच अंगावरचं विष पोटात नेते. फिनेलसारख्या जंतुनाशकांतले काही घटक मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत. असं काही लागलं तर मांजराला टॉवेलमध्ये गुंडाळा, चाटू देऊ नका आणि लगेच पशुवैद्यांना फोन करा.

२. मांजर नेमकं कशाला घाबरतं?

आपण म्हणतो "पाण्याला". पण पाणी हे एकच कारण नाही. पकडून ठेवलं जाणं, गुळगुळीत फरशीवर पाय घसरणं आणि बंद जागेतला आवाज यांचीही भीती असते. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, मांजराला ६० हजारांच्याही पुढचे. त्यामुळे बादलीत पडणारी नळाची धार त्याला आपल्यापेक्षा फार वेगळी वाटत असणार. शिवाय भिजलेले केस जड होतात आणि अंग गार पडतं. ही कारणं कळली की उपाय आपोआप सुचतात.

३. आधीची तयारी

• दोन-तीन दिवस आधी रिकामा टब खोलीत ठेवा. त्यात खाऊ ठेवा. मांजर आपणहून आत-बाहेर करू दे.
• मांजर शांत असताना नखांची फक्त टोकं कापा. आतल्या गुलाबी भागात रक्तवाहिनी असते, तिला धक्का लावू नका.
• केस विंचरून गुंता काढा. गुंता भिजला की जास्त घट्ट होतो.
• टबाच्या तळाशी जुना टॉवेल अंथरा, म्हणजे पाय घसरणार नाहीत.
• कोमट पाणी आधीच भरून ठेवा, दोन-तीन इंच पुरे. मांजराच्या शरीराचं तापमान साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असतं. आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला जेमतेम कोमट लागेल असं पाणी घ्या.
• शाम्पू, मग आणि दोन कोरडे टॉवेल हाताशी ठेवा.

४. प्रत्यक्ष आंघोळ

मांजराला सावकाश, मागचे पाय आधी टेकवत टबात ठेवा. एका हाताने छातीला आधार द्या, मानगूट धरून लोंबकळवू नका. मानेपासून शेपटीकडे मगने हळूहळू पाणी सोडा. डोक्यावर पाणी ओतायचं नाही, तोंड फक्त ओल्या फडक्याने पुसायचं. शाम्पू मांजरांसाठीचाच घ्या, आणि तो पूर्ण निघेपर्यंत धुवा, कारण जे उरेल ते मांजर चाटणार आहे. मग टॉवेलमध्ये गुंडाळून टिपून घ्या, खसाखसा पुसू नका. ड्रायरच्या आवाजापेक्षा उबदार खोली बरी. शेवटी आवडता खाऊ द्या. सगळं पाच-दहा मिनिटांत उरकावं.

५. मांजराचं "नको" ओळखा

शेपटी आपटणं, कान मागे चपटे होणं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होणं, गुरगुरणं, फिस्कारणं म्हणजे "पुरे झालं". तोंड उघडून धापा टाकायला लागलं तर त्या क्षणी थांबा. राहिलेलं काम फडक्याने पुसून करता येतं किंवा डॉक्टरांकडे नेता येतं.

मुलांना नेमकं हेच काम द्या. मांजर धरणं मोठ्यांचं, लक्ष ठेवणं मुलांचं. मुलाने "आई, कान मागे गेले" म्हटलं की आपण खरंच थांबायचं. थांबलो नाही, तर समोरच्याचं "नको" मोठी माणसंही ऐकत नाहीत, एवढंच ते शिकेल.

६. हे टाळा

• ऑइल किंवा रंग काढायला रॉकेल, टर्पेंटाइन वापरू नका.
• कुत्र्यांसाठीचं पिसवांचं औषध मांजराला लावू नका. त्यातल्या काही औषधांत परमेथ्रिन असतं आणि ते मांजराच्या जिवावर बेतू शकतं.
• डेटॉल, फिनेल, सुगंधी तेलं पाण्यात घालू नका.
• मांजर चावलं किंवा नख लागून रक्त आलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. रेबीज मांजरामुळेही होऊ शकतो. रागावण्याच्या भीतीने मुलं ओरखडे लपवतात, म्हणून "सांगितलंस तर कुणी ओरडणार नाही" हे आधीच सांगून ठेवा.

७. वर्गासाठी उपक्रम

१) घरातल्या किंवा गल्लीतल्या मांजराचं लांबून दहा मिनिटं निरीक्षण करा. ते अंगाचा कोणता भाग आधी चाटतं? कानामागे कसं पोहोचतं?
२) मांजराच्या शेपटीच्या आणि कानांच्या तीन स्थिती काढा व प्रत्येकीखाली ते काय "म्हणतंय" ते लिहा.
३) चर्चा करा : आपल्याला बोलता आलं नसतं, तर "नको" कसं सांगितलं असतं?

तिसऱ्या प्रश्नाला थोडा जास्त वेळ द्या. वर्गात गप्प बसणारी मुलंही यावर बोलतात.