शाळा संपल्यानंतर : हिंगण्याची विद्यार्थिनी आणि ‘कळ्यांचे निःश्वास’

१

मराठी साहित्यातील शिक्षित स्त्रीची चर्चा करताना ‘शिक्षित’ हे विशेषण फार सैलपणे वापरले जाते. रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) मधील स्त्री शिक्षित आहे आणि विभावरी शिरूरकरांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’ (१९३३) मधील तरुणीही शिक्षित आहे. परंतु या दोघींच्या शिक्षणाची जातकुळी भिन्न आहे. पहिलीचे शिक्षण विवाहानंतर, पतीच्या इच्छेने, घराच्या चौकटीत झाले. दुसरी विवाहापूर्वी शाळेत गेली, समवयस्क मुलींबरोबर शिकली, परीक्षा देऊन उत्तीर्ण झाली आणि एके दिवशी शाळेबाहेर पडली. पहिलीच्या शिक्षणाचा शेवट ठरलेला नव्हता, कारण तिचे स्थान आधीच निश्चित होते. दुसरीचे शिक्षण मात्र एका विशिष्ट दिवशी संपले आणि ‘आता पुढे काय?’ हा प्रश्न त्याच दिवशी तिच्यापुढे उभा राहिला.

शेवटची इयत्ता ओलांडून बाहेर पडणारी ही तरुणी मराठी समाजजीवनात सर्वस्वी नवी होती. तिच्या अनुभवातून मराठी कथेला कोणते नवे आशयसूत्र मिळाले, याचा शोध हिंगण्याच्या संस्थेच्या संदर्भात घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

मुलींच्या शाळेतून थेट लेखनाकडे जाणारी वाट मराठीत त्याही आधी पडलेली होती. फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध इ. स. १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात दोन भागांत प्रसिद्ध झाला. शाळेने दिलेली अक्षरे आपल्या समाजाची कैफियत मांडण्यासाठी वापरणारी ही विद्यार्थिनी मराठी स्त्रीलेखनाच्या आरंभीच उभी आहे. मात्र तिच्यामागून त्याच वाटेने येणाऱ्यांची सलग परंपरा निर्माण झाली नाही. या खंडाचा विचार लेखाच्या उत्तरार्धात केला आहे.

पुढील टप्पा संस्थात्मक आहे. मुंबई विद्यापीठाने १८८३ मध्ये स्त्रियांना पदवी परीक्षांचे दार उघडले. १८८४ मध्ये पुण्यात न्या. रानडे, डॉ. रा. गो. भांडारकर आदींच्या पुढाकाराने मुलींचे हायस्कूल सुरू झाले. तेच पुढे ‘हुजूरपागा’ या नावाने ओळखले जाऊ लागले. पंडिता रमाबाईंचे शारदासदन १८८९ मध्ये मुंबईत निघाले व पुढील वर्षी पुण्यास आले. शारदासदनात शिकलेल्या गोदूबाई या बालविधवेशी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये पुनर्विवाह केला. ‘माझे पुराण’ या आत्मकथनाच्या लेखिका आनंदीबाई कर्वे त्या याच.

कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाची संस्था स्थापन केली. १९०० मध्ये आश्रम पुण्याबाहेर हिंगण्यास गेला. १९०७ मध्ये महिला विद्यालय सुरू झाले आणि विधवांच्या आश्रमाबरोबरच अविवाहित मुलींच्या शिक्षणाची सोय झाली. जपानमधील महिला विद्यापीठाच्या माहितीने प्रेरित होऊन कर्वे यांनी १९१६ मध्ये भारतवर्षीय महिला विद्यापीठाची स्थापना केली. प्रारंभीच्या विद्यार्थिनी अगदी मोजक्या होत्या. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांच्या पंधरा लाख रुपयांच्या देणगीनंतर या विद्यापीठास श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव देण्यात आले.

साहित्याच्या अभ्यासकाच्या दृष्टीने या विद्यापीठाच्या दोन बाबी विशेष महत्त्वाच्या ठरतात. पहिली बाब माध्यमाची. येथे उच्च शिक्षण मातृभाषेतून दिले जात असे आणि इंग्रजी हा केवळ एक विषय होता. पदव्यांची नावेही ‘गृहीतागमा’, ‘प्रदेयागमा’ अशी संस्कृत वळणाची होती. त्यामुळे येथील विद्यार्थिनी तर्क करायला, वाद घालायला आणि स्वतःच्या मनाचे विश्लेषण करायला मराठीतच शिकली. दुसरी बाब मान्यतेची. या विद्यापीठास वैधानिक मान्यता मिळण्यासाठी १९५१ साल उजाडावे लागले. म्हणजे पहिल्या साडेतीन दशकांतील पदवीधर तरुणीच्या हाती अशी पदवी होती, जिचे मोल संस्थेच्या व तिच्या हितचिंतकांच्या वर्तुळात मोठे, पण सरकारदरबारी अनिश्चित होते. खासगी कन्याशाळेतील अध्यापन हाच तिच्यापुढील सर्वांत जवळचा मार्ग होता. शाळेतून बाहेर पडलेली मुलगी पुन्हा शाळेतच परतत होती.

३

बाळुताई खरे, म्हणजेच पुढील काळातील मालतीबाई बेडेकर (जन्म १९०५), या वर्गाच्या प्रातिनिधिक विद्यार्थिनी होत. त्यांचे शिक्षण हिंगण्याच्या संस्थेत झाले. महिला विद्यापीठाच्या पदव्या मिळविल्यानंतर त्यांनी कन्याशाळेत अध्यापन केले. याच काळात त्यांच्या लेखणीचे दोन प्रवाह वाहू लागले. बाळुताई खरे या नावाने त्यांनी स्त्रियांच्या हक्कांविषयी लेखन केले, तसेच क. न. केळकर यांच्यासमवेत ‘हिंदुव्यवहार धर्मशास्त्र’ हा ग्रंथ सिद्ध केला. ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आणि १९३४ मध्ये ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली.

या दोन नावांचा अर्थ केवळ लोकनिंदेच्या भीतीत शोधणे अपुरे ठरेल. खऱ्या नावाने लिहिणारी विदुषी कायद्याची, वारसाहक्काची, शास्त्राधाराची भाषा बोलते. स्त्रीला काय मिळावयास हवे, हे ती सांगते. टोपणनावाने लिहिणारी लेखिका मात्र हक्कांच्या भाषेत न मावणारे सांगते. वय वाढत चाललेल्या अविवाहित तरुणीचा एकाकीपणा, शरीराची व मनाची ओढ, घरच्यांविषयीची माया आणि त्याच घरच्यांविषयी मनात साठणारा कडवटपणा हे तिचे विषय आहेत. पहिल्या प्रकारचे लेखन करण्यास शाळेने तिला अधिकार दिला होता. दुसऱ्या प्रकारच्या लेखनासाठी तिला शाळेने दिलेले नाव बाजूला ठेवावे लागले. ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध होताच उठलेले वादळ आणि लेखिका कोण याविषयीचे कुतूहल पाहता, ही विभागणी किती आवश्यक होती हे ध्यानात येते.

४

संग्रहातील ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ या कथेच्या शीर्षकातच या पिढीचा मूळ पेच सामावलेला आहे. शिकलेली मुलगी नोकरी करते, तिच्या मिळकतीवर घर चालू लागते आणि तिच्या विवाहाचा विषय हळूहळू मागे पडत जातो. येथे कोणी दुष्ट नाही. वडिलांचे प्रेम खोटे नाही आणि मुलीची कर्तव्यबुद्धीही खोटी नाही. पेच निर्माण होतो तो दोन व्यवस्था एकमेकींवर आदळल्यामुळे. मुलीला शिकविणारी व्यवस्था नवी आहे, तर मुलीच्या आयुष्याचा हिशेब करणारी व्यवस्था जुनी. जुन्या व्यवस्थेत कन्या परक्याचे धन होती, म्हणून तिला वेळेवर निरोप देणे भाग होते. नव्या व्यवस्थेत ती मिळवती झाली आणि तिला निरोप देण्याची निकड संपली. शीर्षकातील प्रश्नचिन्हाचा रोख या विसंगतीवर आहे.

विवाहवयाचा तत्कालीन संदर्भही येथे विचारात घ्यावयास हवा. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरविले आणि तो कायदा १९३० मध्ये अमलात आला. कायदा चौदाची मर्यादा घालीत असताना पदवीपर्यंत शिकणारी तरुणी विशी गाठत होती. ‘प्रौढ कुमारिका’ ही कायद्याच्या आणि रूढीच्या दोन्ही कल्पनांपलीकडे गेलेली व्यक्ती होती. तिच्यासाठी समाजाजवळ ना भूमिका होती, ना शब्द. विधवेचे दुःख मांडण्याची भाषा मराठी कादंबरीने हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’पासून घडविली होती. अविवाहित शिक्षित तरुणीच्या दुःखाची भाषा मात्र त्या तरुणीलाच घडवावी लागली.

या संदर्भात एक तुलना उद्बोधक ठरते. वामन मल्हार जोशी हे दीर्घकाळ कर्वे यांच्या संस्थेतील महिला पाठशाळेत प्राध्यापक होते. ‘सुशीलेचा देव’ (१९३०) या त्यांच्या कादंबरीत एका स्त्रीची देवविषयक कल्पना कशी विकसित होत जाते याचे चित्रण आहे. स्त्रीच्या बुद्धीला तत्त्वचिंतनाची झेप आहे, हा विश्वास या कादंबरीच्या मुळाशी आहे आणि तो अध्यापकाचा विश्वास आहे. अवघ्या तीन वर्षांनी आलेल्या ‘कळ्यांचे निःश्वास’मध्ये त्याच शैक्षणिक परिसरातून आलेल्या लेखिकेची दृष्टी दिसते. विचार करण्यास शिकलेल्या स्त्रीने तो विचार घेऊन जावे कोठे, असा तिचा प्रश्न आहे. अध्यापकाची कादंबरी शिक्षणाच्या फलश्रुतीविषयी बोलते, तर विद्यार्थिनीची कथा त्या फलश्रुतीची किंमत कोण मोजते याविषयी. दोन्ही दृष्टी परस्परपूरक आहेत. मात्र दुसरी दृष्टी शाळेच्या आतून दिसणे शक्य नव्हते. त्यासाठी शाळा संपावी लागली.

निवेदनाच्या अंगानेही हा फरक जाणवतो. विभावरींच्या कथांत आत्मपर निवेदनाकडे ओढ आहे. ‘विरलेले स्वप्न’ (१९३५) मध्ये तर रोजनिशीचा घाट योजला आहे. वसतिगृहात वाढलेल्या मुलींच्या जिवलग गप्पांत, पत्रांत आणि रोजनिशीत जी मनमोकळी मराठी आकार घेत होती, तिचे हे साहित्यरूप मानता येईल. टीकाकारांना या लेखनात खटकलेली भावविवशता याच जिव्हाळ्याच्या भाषेची दुसरी बाजू आहे.

५

या परंपरेच्या मर्यादाही स्पष्टपणे नोंदविणे आवश्यक आहे. हिंगण्याची विद्यार्थिनी प्रामुख्याने पांढरपेशा, उच्चवर्णीय घरातील होती. तिचे दुःख खरे असले तरी ते ‘स्त्रीचे दुःख’ म्हणून सार्वत्रिक करणे उचित नव्हे. मुक्ता साळवे यांनी १८५५ मध्ये उघडलेले दार त्यांच्या समाजातील मुलींसाठी पुढे दीर्घकाळ अर्धवटच उघडे राहिले. कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ १९८१ मध्ये आले. शिक्षिका म्हणून आयुष्य वेचलेल्या शांताबाई कांबळे यांचे ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ आणि बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ ही पुस्तकरूपाने १९८६ मध्ये आली. १८५५ ते १९८१ हे सव्वाशे वर्षांचे अंतर प्रतिभेच्या अभावाचे नसून शाळेच्या दाराशी झालेल्या अडवणुकीचे आहे. शाळेत पोहोचण्यासाठीच ज्यांना झगडावे लागले, त्यांच्या लेखनात शाळेचा शेवटचा दिवस हा केंद्रबिंदू होणे शक्य नव्हते. शाळेचा पहिला दिवसच तेथे निर्णायक ठरतो.

विभावरींना स्वतःला या मर्यादेचे भान आले असावे, असे त्यांच्या पुढील वाटचालीवरून वाटते. १९३६ च्या सुमारास त्यांनी अध्यापन सोडले आणि सोलापूरच्या ‘गुन्हेगार जमातीं’च्या वसाहतीत अधिकारपद स्वीकारले. काटेरी तारेच्या आतील त्या जगाच्या अनुभवातून ‘बळी’ (१९५०) ही कादंबरी साकारली. शाळेतून घरी आणि घरातून पुन्हा शाळेत, अशा वर्तुळात अडकलेल्या विद्यार्थिनीने ते वर्तुळ ओलांडल्याची ही साक्ष होय.

६

‘कळ्यांचे निःश्वास’ आज अभ्यासक्रमात लावले असता, ‘हा प्रश्न आता उरला नाही’ अशी प्रतिक्रिया येण्याचा संभव असतो. वरवर पाहता ती खरी वाटते. पनवेलजवळ सिडकोने वसविलेल्या खांदा कॉलनीसारख्या वसाहतीत महाविद्यालय घराजवळ आले आहे. पदवीच्या वर्गात मुली असणे ही नोंद घेण्याजोगी गोष्टही राहिलेली नाही. पदवीच्या मान्यतेचा प्रश्न सुटला आणि माध्यमाचा प्रश्न तर नेमका उलटा झाला. मराठीतून उच्च शिक्षण घेणे हा एके काळी नवा प्रयोग होता, आज ती अनेकांना माघार वाटते. तथापि मुलीच्या मिळकतीवर हक्क कोणाचा, तिच्या विवाहाचा निर्णय कोणाच्या सोयीने होतो, शिक्षणाने दिलेला विचार घेऊन तिने जगावे कोठे, हे प्रश्न शेवटच्या वर्षाच्या वर्गातून बाहेर पडताना तिच्याबरोबर आजही निघतात.

म्हणून या कथा ‘प्रौढ कुमारिकांच्या समस्येच्या कथा’ म्हणून शिकविणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. समस्याकथा समस्या सुटताच कालबाह्य ठरते. विभावरींच्या कथांचे स्वरूप वेगळे आहे. समाज मुलीला शिकवितो, पण शिकलेल्या मुलीसाठी स्वतः बदलत नाही. या दोहोंमधील अंतरात सापडलेल्या मनाचा तो आलेख आहे. हिंगण्याच्या माळावरील एका लहान संस्थेने या मुलींना पदवी दिली, वाचन दिले आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे विचार करण्यासाठी त्यांचीच भाषा दिली. त्या भाषेत त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो आपल्याच घराला. तो प्रश्न ऐकून समाज अस्वस्थ झाला, यातच त्या शिक्षणाची सार्थकता होती.