मूर्ती लहान : शाळेसाठी छोटा संगणक निवडताना



या पुस्तिकेतून जमणारा निधी यंदा गावाकडच्या शाळांच्या संगणक खोलीसाठी जाणार, हे आपल्याला ठाऊक आहेच. बैठकीत विषय निघाला तेव्हा दोन सूचना आल्या. एक, "आपापल्या ऑफिसांतले जुने संगणक गोळा करून पाठवू." दुसरी, "रुवीतून स्वस्तातले नवे घेऊन पाठवू." तेवढ्यात एका तरुण सभासदाने मोबाइलवर एका चिमुकल्या बोर्डाचा फोटो दाखवला आणि विचारले, "काका, यात प्रोसेसर बसवायची जागाच दिसत नाही. हा चालतो तरी कसा?" त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे हा लेख.

जुन्या संगणकांचे काय?

जुना संगणक भारतात पाठवायचा तर आयातीवर निर्बंध आहेत, आधी परवानगी काढावी लागते. शिवाय विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि साधारण २०१८ च्या आधीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. लिनक्स टाकून ही यंत्रे चालतील, नाही असे नाही. पण विजेचे बिल शाळेने भरायचे आणि दुरुस्तीची धावपळ गुरुजींनी करायची, म्हणजे दान आपले आणि डोकेदुखी त्यांची!

हा बोर्ड आहे तरी काय?

नेहमीच्या डेस्कटॉपमध्ये मदरबोर्डवर एक सॉकेट असते. त्यात प्रोसेसर बसवतात आणि पुढे कधी वाटले तर काढून दुसराही घालता येतो. लॅपटॉपमध्ये जागा कमी, म्हणून तिथे प्रोसेसर बोर्डाला सोल्डर करून, म्हणजे डाख देऊन कायमचा जोडलेला असतो. आता हाच लॅपटॉपच्या जातीचा प्रोसेसर डेस्कटॉपच्या छोट्या बोर्डावर पक्का बसवून विकतात. फोटोत सॉकेट दिसले नाही ते यामुळे. ॲल्युमिनियमच्या पात्यांखाली प्रोसेसर आधीच बसलेला होता.

कल्पना तशी जुनी. तैवानच्या व्हीआयए कंपनीने २००१ मध्ये मिनी-आयटीएक्स हे माप आणले : १७ सेंटिमीटर लांब, १७ सेंटिमीटर रुंद. जेवणाच्या ताटात आरामात मावेल एवढेच! पुढच्याच वर्षी त्यांचे 'एपिया' बोर्ड बाजारात आले, प्रोसेसर जोडलेलाच. २००८ मध्ये इंटेलने ॲटम प्रोसेसरचे असेच बोर्ड आणले. ते स्वस्त होते, पण फारच मंद.

चित्र पालटले ते इंटेलच्या एन१०० प्रोसेसरने. तो २०२३ च्या सुरुवातीला आला. चार कोअर, आणि उष्णतेचे ठरवलेले माप फक्त ६ वॅट. असूस, एएसरॉक वगैरे कंपन्यांनी त्याचे मिनी-आयटीएक्स बोर्ड काढले, त्यांतल्या काहींना पंखाही लागत नाही. टायपिंग, हिशेबाचे तक्ते, इंटरनेट, शैक्षणिक व्हिडिओ ही शाळेची सगळी कामे त्यावर नीट होतात. (दुसऱ्या टोकाला मिनिसफोरमचा बीडी७९०आय आहे. त्यावर गेमिंग लॅपटॉपचा १६ कोअरचा रायझन असतो. घरी व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांनी तो जरूर पाहावा, पण शाळेला तो म्हणजे मुंगीला ऐरावताचे खोगीर.)

विजेचा हिशेब

जुना डेस्कटॉप ८० वॅट घेतो आणि छोटा संगणक १५ वॅट, असे धरू. (मॉनिटर दोन्हीकडे सारखाच, तो वेगळा.) दहा संगणक, रोज ६ तास, वर्षाला २०० दिवस. फरक ६५० वॅटचा, म्हणजे वर्षाला ७८० युनिट वाचले.

त्याहून मोठा फायदा वीज गेल्यावर. इन्व्हर्टरच्या बॅटरीतून वापरता येण्याजोगी वीज साधारण एक युनिट धरली आणि दहा मॉनिटरना मिळून २०० वॅट दिले, तर जुने दहा संगणक एक तास चालतील. छोटे दहा मात्र पावणेतीन तासांच्या आसपास. ज्या गावात वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, तिथे एक अर्धवट तासिका आणि पूर्ण दुपार एवढा हा फरक आहे.

आता दुसरी बाजू

प्रोसेसर पक्का, म्हणजे निर्णयही पक्का. पुढे "जरा वेगवान घालू" असे म्हणता येत नाही. आणि बोर्डावरचे काही बिघडले तर बहुधा अख्खा बोर्डच बदलावा लागतो. सोल्डर केलेली चिप काढून नवी बसवणारे कारागीर आहेत, पण त्यांना खास यंत्र लागते, आणि इतक्या स्वस्त बोर्डासाठी तो खर्च म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

म्हणून खरेदीच्या वेळीच पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. मेमरी आणि एसएसडी सुटी असावी. एन१०० च्या बऱ्याच बोर्डांवर मेमरीची एकच खाच असते आणि इंटेलची अधिकृत मर्यादा १६ जीबी आहे. लॅपटॉपची छोटी पट्टी लागते की डेस्कटॉपची मोठी, हे आधी विचारावे. दोन्ही प्रकारचे बोर्ड मिळतात.

२. वीजपुरवठा कसा आहे ते पाहावे. काही बोर्ड नेहमीच्या पॉवर सप्लायवर चालतात, तर काही लॅपटॉपसारख्या १९ व्होल्टच्या ॲडॉप्टरवर. शाळेला ॲडॉप्टर बरा, जळला तर तेवढाच बदलायचा.

३. पंखा नसला तरी हवा हवीच. आपल्याकडे जूनमध्ये एसी बंद पडला की खोलीचे काय होते ते सांगायला नको! विदर्भ-मराठवाड्यातला मे महिना काही वेगळा नाही. प्रोसेसर फार तापला की आपणहून मंद होतो. डबा जाळीचा घ्यावा आणि भिंतीला चिकटवून ठेवू नये.

४. अनोळखी नावाच्या फार स्वस्त बोर्डांपासून जपून. त्यांतल्या काहींवर विक्रीसाठी नसलेल्या, चाचणीच्या नमुना चिपा बसवलेल्या असतात. पुढे बायोसचे अपडेट मिळेलच असे नाही.

५. खरेदी भारतातच करावी. रुवीत भाव बरा मिळेलही, पण वॉरंटी बहुधा खरेदीच्या देशापुरतीच असते. इथल्या चौकोनी पिनांचा प्लग तिथल्या गोल भोकांत जात नाही ते आणखी वेगळे.

सॉफ्टवेअरसाठी लिनक्स घेतले तर परवान्याचा खर्च नाही. आपल्या सी-डॅकने तयार केलेले 'बॉस' लिनक्स मराठीतही चालते आणि त्याची शाळांसाठीची वेगळी आवृत्तीही आहे.

अकरावा बोर्ड

आता मुद्द्याचे. दुरुस्ती होत नाही, ही या बोर्डाची उणीव आपण एका साध्या उपायाने भरून काढू शकतो. दहा संगणकांच्या खोलीसाठी अकरा बोर्ड घ्यायचे, सगळे एकाच मॉडेलचे. अकरावा कपाटात. एखादा बिघडला की चार स्क्रू काढायचे, सुटा बोर्ड लावायचा, जुनीच मेमरी आणि एसएसडी त्यावर चढवायची. नववीतली मुले हे काम एका तासिकेत शिकतात, आणि तोही संगणकाचाच धडा झाला.

देणगी देताना आपल्याला वाटते की आकडा मोठा दिसावा, अकरा संगणक दिले असे म्हणता यावे. पण पहिले यंत्र बंद पडले की त्याच्यावर कापड टाकले जाते आणि मग ते कोणी काढत नाही. दोन वर्षांनी अकरातले सहाच चालू असण्यापेक्षा दहाचे दहा चालू असलेले काय वाईट?

तेव्हा देणगीदारांना एक विनंती. कोणी मॉनिटर देईल, कोणी टेबल-खुर्च्या देईल. आपल्यापैकी कोणीतरी अकरावा बोर्ड द्यावा. त्यावर नाव कोरता येणार नाही, उद्घाटनाच्या फोटोतही तो दिसणार नाही. पण ज्या दिवशी एक संगणक बंद पडेल, त्या दिवशी एका मुलाची जागा रिकामी राहणार नाही, ती त्याच्यामुळे.

तूर्तास इतकेच. शंका असल्यास कार्यक्रमाच्या दिवशी जरूर विचाराव्यात, चहाच्या टेबलापाशी मी आहेच!