नवी आवृत्ती : घ्यावी की थांबावे?

लघुउद्योगाच्या जमाखर्चात कच्चा माल, वीज आणि मजुरी या नेहमीच्या बाबींच्या जोडीला आता आणखी एक बाब कायमची आली आहे. ती म्हणजे संगणकावर आरेखन करण्याची प्रणाली, अर्थात कॅड सॉफ्टवेअर. भोसरीतील साचे बनविणारा कारखाना असो, कोइंबतूरचा पंप-उत्पादक असो वा लुधियानातील सायकलचे सुटे भाग करणारा व्यावसायिक असो, त्याचे काम आज ड्रॉइंग बोर्डावर नव्हे तर पडद्यावर सुरू होते. या प्रणालीची नवी आवृत्ती दरवर्षी बाजारात येते आणि दरवर्षी तोच प्रश्न उभा राहतो : जुन्यावर भागवावे की नवी घ्यावी? नको तेव्हा घेतलेली आवृत्ती कर्जाच्या हप्त्यावर ताण आणते. हवी तेव्हा न घेतलेली आवृत्ती एखादे हुकमी काम हातचे घालवू शकते. म्हणून हा निर्णय विक्रेत्याच्या माहितीपत्रकावरून न घेता हिशेबाने घेणे इष्ट होय.

आवृत्ती दरवर्षी, सक्ती दरवर्षी नव्हे

या क्षेत्रातील सर्वपरिचित उदाहरण म्हणजे ऑटोडेस्क कंपनीचे ऑटोकॅड. डिसेंबर १९८२ मध्ये ते प्रथम बाजारात आले. त्याच्या आवृत्त्या वर्षागणिक येत असल्या तरी आरेखनाची फाइल ज्या रचनेत साठविली जाते, ती डीडब्ल्यूजी रचना दरवर्षी बदलत नाही. २०००, २००४, २००७, २०१०, २०१३ आणि २०१८ या आवृत्त्यांच्या वेळी ती बदलली. २०१३ ची रचना २०१७ पर्यंतच्या पाच आवृत्त्यांनी वापरली, तर २०१८ ची रचना त्यानंतरच्या अनेक आवृत्त्यांनी तशीच ठेवली.

यातील नियम सोपा आहे. नवी आवृत्ती जुनी फाइल उघडते. जुनी आवृत्ती नव्या रचनेतील फाइल उघडत नाही. त्यामुळे अडचण येते ती बहुधा आरेखन स्वीकारणाऱ्याला, पाठविणाऱ्याला नव्हे. या अडचणीवर दोन बिनखर्चाचे उपाय आहेत. पहिला, पाठविणाऱ्यास ती फाइल जुन्या रचनेत साठवून देण्याची विनंती करणे. दुसरा, ऑटोडेस्कच्याच डीडब्ल्यूजी ट्रूव्ह्यू या मोफत साधनाने फाइलचे रूपांतर करणे. रूपांतरानंतर मापे, अक्षरे आणि लेअर मूळ आरेखनाशी ताडून पाहावेत, कारण नव्या आवृत्तीतील काही घटक जुन्यात जसेच्या तसे उतरत नाहीत. एवढी दक्षता घेतल्यास केवळ 'फाइल उघडत नाही' या कारणासाठी लाखभर रुपये खर्च करण्याची वेळ क्वचितच येते.

मालक आणि भाडेकरू

पूर्वी प्रणालीचा कायम परवाना एकदाच विकत घेता येत असे. ऑटोडेस्कने ऑटोकॅडसारख्या स्वतंत्र उत्पादनांच्या नव्या कायम परवान्यांची विक्री ३१ जानेवारी २०१६ नंतर थांबविली. तेव्हापासून वर्गणीची पद्धत रूढ झाली. साहजिकच जुना परवानाधारक नवी आवृत्ती घेतो तेव्हा तो केवळ आवृत्ती बदलत नाही, तर मालकाचा भाडेकरू होतो. वर्गणी थांबली की प्रणाली चालणे थांबते. आरेखने मात्र ग्राहकाचीच राहतात. ती पाहण्यास मोफत साधन पुरते, पण त्यांत दुरुस्ती करण्यास पुरत नाही. म्हणून सवलतीच्या योजनेत जुना कायम परवाना परत करण्याची अट आहे काय, हे स्वाक्षरीपूर्वी वाचून घ्यावे.

वर्गणी टाळू इच्छिणाऱ्यांसाठी ब्रिक्सकॅड, झेडडब्ल्यूकॅड यांसारखी डीडब्ल्यूजी फाइलवर थेट काम करणारी उत्पादने आहेत. लिबरकॅड हे द्विमितीय कामासाठी मोफत उपलब्ध आहे. तथापि मोफत म्हणजे कायम मोफत असे गृहीत धरू नये. ड्राफ्टसाइटची मोफत आवृत्ती अनेकांनी वापरली होती. २०१९ च्या अखेरीस ती बंद झाली.

खरी निकड संगणकाकडून येते

बहुतेक वेळा बदलाची वेळ फाइल ठरवीत नाही, संगणक ठरवितो. ऑटोकॅड २०१५ ही आवृत्ती २०१४ च्या पूर्वार्धात आली. विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आले. म्हणजे ती आवृत्ती घडविली गेली जुन्या विंडोजसाठी. विंडोज ७ ची सुरक्षा-अद्यतने १४ जानेवारी २०२० रोजी थांबली आणि विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. दुसऱ्या बाजूने, ऑटोकॅड २०२० पासून ३२-बिट संगणकांचा आधार काढून घेण्यात आला. जुनी प्रणाली आणि जुना संगणक हे जोडीनेच म्हातारे होतात. त्यांपैकी संगणक बंद पडला की नव्या यंत्रावर जुनी प्रणाली बसेलच असे नाही. अशा वेळी घाईने केलेली खरेदी सर्वांत महाग पडते. जुना संगणक चालू असतानाच निर्णय घेणे हाच यातला पहिला धडा.

आकड्यांत उत्तर

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका साचे-कारखान्यात तीन आरेखक आहेत. प्रणालीची वार्षिक वर्गणी प्रत्येकी १,००,००० रुपये, नवा संगणक ६०,००० रुपये, शिकण्यात प्रत्येकाचे सहा दिवस जातील आणि एका दिवसाच्या कामाचे मूल्य २,५०० रुपये, तसेच जुन्या लिस्प आज्ञावली नव्याने जुळविण्यास एकूण २५,००० रुपये, असे मानू.

पहिल्या वर्षाचा खर्च : वर्गणी ३,००,०००, संगणक १,८०,०००, शिक्षण ४५,००० आणि आज्ञावली २५,००० मिळून ५,५०,००० रुपये. पुढील दोन वर्षे प्रत्येकी ३,००,०००. तीन वर्षांत एकूण ११,५०,००० रुपये, म्हणजे वर्षाला सुमारे ३,८३,००० रुपये.

आता लाभ पाहू. नव्या सोयींमुळे प्रत्येकाचा रोज अर्धा तास वाचला, तर २८० दिवसांत तिघांचे मिळून ४२० तास वाचतात. तासाचे मूल्य ३५० रुपये धरल्यास लाभ १,४७,००० रुपये होतो. खर्चाच्या निम्म्याहूनही कमी! केवळ वेळ वाचेल या आशेवर हा व्यवहार परवडत नाही.

परंतु समजा, एका मोठ्या ग्राहकाने अट घातली की त्याची आरेखने सुरक्षा-अद्यतने मिळणाऱ्या प्रणालीवरच हाताळावीत, आणि त्या ग्राहकाच्या कामातून कारखान्याला वर्षाला ४,००,००० रुपये सुटतात. त्याचे काम एकाच टेबलावर होत असेल, तर एकच नवी वर्गणी पुरे. तीन वर्षांची वर्गणी ३,००,०००, संगणक ६०,०००, शिक्षण १५,००० आणि आज्ञावली २५,००० मिळून ४,००,००० रुपये. तीन वर्षांचा सारा खर्च त्या ग्राहकाच्या एका वर्षाच्या मिळकतीतून भरून निघतो. उरलेले दोन आरेखक जुन्या आवृत्तीवर काम करू शकतात. नव्या टेबलावरून त्यांना जुन्या रचनेत फाइल देता येते. जुने दोन संगणक इंटरनेटपासून दूर ठेवावेत आणि पुढील दोन वर्षांत तेही बदलण्याची तरतूद आधीच करावी.

पैसा कोठून आणावा?

वार्षिक वर्गणी हा महसुली खर्च होय. तो खेळत्या भांडवलातून वा उत्पन्नातून भागवावा; दरवर्षी संपणाऱ्या वस्तूसाठी पाच वर्षांचे मुदत कर्ज घेणे म्हणजे वस्तू संपल्यावरही हप्ते भरीत राहणे. संगणक ही मात्र मालमत्ता असल्याने मुदत कर्जास योग्य ठरते. अनेक वर्षांची वर्गणी एकरकमी भरल्यास सवलत मिळू शकते. पण अडकणाऱ्या रकमेचे व्याज त्या सवलतीतून वजा करून पाहावे.

वस्तू व सेवा करात नोंदणीकृत व्यावसायिकास वर्गणीवरील १८ टक्के कराची वजावट नियमांनुसार मिळू शकते. कंपोझिशन योजनेतील करदात्यास ती मिळत नाही. त्यामुळे वरील हिशेब करताना दुसऱ्याने कर धरूनच खर्च मांडावा. कर्जप्रस्ताव तपासणाऱ्या अधिकाऱ्यानेही कोटेशनमध्ये यंत्र आणि वर्गणी वेगळी दाखविली आहे काय, हे पाहणे अगत्याचे आहे.

चोरीच्या प्रतीचा मार्ग मात्र कोणीही धरू नये. कॉपीराइट अधिनियम १९५७ च्या कलम ६३-ब नुसार जाणूनबुजून बेकायदा प्रत वापरणाऱ्यास किमान सात दिवस ते तीन वर्षांपर्यंत कारावास आणि ५०,००० ते २ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. वाचलेल्या वर्गणीपेक्षा ही जोखीम केव्हाही मोठी.

बदल करताना

निर्णय झाल्यावरही बदल टप्प्याने करावा.

१. चालू कामाच्या मध्यात आवृत्ती बदलू नये. दोन कामांमधील मोकळा काळ निवडावा.

२. चाचणी-मुदतीत एक पूर्ण झालेले जुने काम नव्या आवृत्तीत उघडावे, त्यात दुरुस्ती करावी, छापून पाहावे आणि जुन्या छापील प्रतीशी ताडावे.

३. फॉन्ट, छपाईच्या मांडण्या आणि लिस्प आज्ञावली यांची यादी करून त्या सोबत न्याव्यात. देवनागरी टिपा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतील, तर तो फॉन्ट नव्या संगणकावर नसल्यास अक्षरे अगम्य दिसतात.

४. सर्व आरेखनांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी आणि जुनी व्यवस्था किमान एक-दोन महिने मोडू नये.

सारांश, नव्या आवृत्तीत काय आले आहे हा प्रश्न विक्रेत्याचा; तिच्यावाचून आपले कोणते काम अडते, हा प्रश्न उद्योजकाचा. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर एखाद्या ग्राहकाच्या वा यंत्राच्या नावानिशी आणि रुपयांत देता आले, तर नवी आवृत्ती अवश्य घ्यावी. तसे उत्तर मिळत नसेल, तर ती रक्कम वेगळ्या ठेव खात्यात ठेवावी. संगणक बदलण्याची वेळ येईलच. त्या दिवशी ती व्याजासह उपयोगी पडेल.