नव्या मोटारसायकलचे झटके : फिटरकडे जाण्यापूर्वी काय तपासावे?

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत फिरत्या व्यापाऱ्याची अर्धी दुकानदारी मोटारसायकलवर असते. कोणी विटा, तासगाव, वडूजच्या बाजारात कपड्यांची गाठोडी नेतो, तर कोणी कारागीर हत्यारांची पिशवी अडकवून मिरजेहून गावोगाव कामाला जातो. हप्त्यांवर घेतलेली नवी गाडी रेस देताच झटके मारू लागली, की मालक बहुधा दोहोंपैकी एक मार्ग धरतो. एक तर ‘नवी आहे, पळेल तशी सुटेल’ म्हणून दुर्लक्ष करतो, नाहीतर रस्त्यावर दिसेल त्या फिटरकडून गाडी उघडवून घेतो. दोन्हींत नुकसान आहे. पसरणी किंवा यवतेश्वर घाटातील ओल्या वळणावर, मागे गाठोडे असताना बसलेल्या झटक्याने चाक घसरू शकते. आणि वॉरंटीतील गाडीची वायर कापली, तर त्या भागाची हमी नाकारली जाऊ शकते.

जुना इलाज का चालत नाही?

1 एप्रिल 2020 पासून देशात बीएस-6 हे प्रदूषणाचे नियम लागू झाले. त्यापूर्वीच्या साध्या गाड्यांत कार्ब्युरेटर असे. स्क्रू थोडा फिरवला की पेट्रोल कमी-जास्त करता येई. आता बहुतेक गाड्यांत एफआय, म्हणजे फ्युएल इंजेक्शन आहे. किती पेट्रोल सोडायचे हे सेन्सरांच्या मदतीने एक छोटा संगणक ठरवतो. चालत्या गाडीत रेस पूर्ण सोडली, की तो पेट्रोल बंद करतो. मूठ पुन्हा पिळली, की पुरवठा सुरू होतो. त्या क्षणी हलका धक्का जाणवणे हा दोष नव्हे. मात्र चेन ढिली असेल तर तोच धक्का दुप्पट वाटतो.

पहिली परीक्षा

बंधूंनो, सर्वप्रथम झटका इंजिनातून येतो की इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या भागांतून, हे वेगळे केले पाहिजे. इंजिन गरम झाल्यावर गाडी मोकळ्या जागी न्यूट्रलमध्ये उभी करावी आणि रेस सावकाश वाढवावी. न्यूट्रलमध्येही इंजिन अडखळत असेल तर पेट्रोल, हवा किंवा ठिणगी यांत बिघाड आहे. न्यूट्रलमध्ये ते सुरळीत फिरते आणि गिअरमध्येच झटके येतात, तर आधी केबल, चेन आणि क्लच पाहावेत. ते ठीक निघाले तर इंजिनावर पुन्हा संशय घ्यावा, कारण काही बिघाड ओझ्याखालीच उघड होतात.

घरी करण्याची तपासणी

1) मुठीचा मोकळेपणा : बहुतेक गाड्यांत मूठ 2 ते 6 मिलिमीटर मोकळी फिरून मग रेस लागते. याहून मोकळी असेल तर आधी काहीच होत नाही आणि मग गाडी एकदम उसळते. केबल फार ताणलेली असेल तर हँडल वळवताच इंजिनाचा आवाज वाढतो. ही खूण धोक्याची समजावी.

2) चेन : नवी चेन सुरुवातीला थोडी वाढते. इंजिन बंद करून गाडी डबल स्टँडवर घ्यावी आणि चेनच्या खालच्या भागाच्या मध्यावर वर-खाली हलवून पाहावे. साधारण 25 ते 35 मिलिमीटर झोळ योग्य असतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. चाक हाताने फिरवून तीन-चार ठिकाणी मोजावे. इंजिन चालू असताना चेनजवळ बोट नेऊ नये.

3) क्लच : जागेवरून निघतानाच झटका बसत असेल तर क्लचच्या दांडीचा मोकळेपणा तपासावा. तो साधारण 10 ते 15 मिलिमीटर असावा.

4) गिअर आणि ओझे : गाठोडे लादून चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये ताशी 25 किलोमीटरने चढ चढवला, तर निरोगी इंजिनही धडधडते. खालचा गिअर टाकताच झटके थांबले तर गाडीत दोष नाही. पुष्कळ 100 सीसी गाड्यांची भार वाहण्याची मर्यादा चालकाचे वजन धरून 130 ते 150 किलोच्या आसपास असते. गाठोडे बांधण्यापूर्वी हा हिशेब करावा.

5) पेट्रोल : टाकी भरल्यानंतर लगेच झटके सुरू झाले तर पाण्याचा संशय घ्यावा. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल पाणी शोषते. पाणी जास्त झाले की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी बसतात आणि तेच इंजिनात जाते. पावसाळ्यात टाकीचे झाकण नीट बसते का पाहावे, आणि पेट्रोलची पावती जपून ठेवावी.

6) दिवा आणि बॅटरी : चावी फिरवल्यावर इंजिनाचा दिवा लागतो आणि गाडी सुरू होताच विझतो. तो पेटलेलाच राहिला तर संगणकाने बिघाड नोंदवला आहे असे समजावे. बॅटरीचे टर्मिनल ढिले असले तरी एफआय गाडी झटके मारते.

सर्व्हिस सेंटरला काय सांगावे?

मुठीचा मोकळेपणा आणि चेन पुस्तिकेप्रमाणे नीट करून घेऊनही झटके राहिले, तर पुढचे काम सर्व्हिस सेंटरचे आहे. तेथे यंत्र जोडून बिघाडाची नोंद वाचता येते. ‘गाडी झटके मारते’ एवढेच सांगितल्यास धुऊन परत मिळण्याची शक्यता अधिक! म्हणून चार गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात : इंजिन थंड असताना होते की गरम, कोणत्या गिअरमध्ये आणि किती वेगावर, रेस देताना, सोडताना की एकसारखी ठेवल्यावर, शेवटचे पेट्रोल कोठे व केव्हा भरले. फोरमनला शेजारी घेऊन एक फेरी मारावी, तक्रार जॉबकार्डवर स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावी आणि तिची प्रत मागावी. पहिली मोफत सर्व्हिस चुकवू नये. वॉरंटीची मुदत संपल्यावर हाच दोष पुन्हा निघाला, तर तो जुना आहे हे या प्रतीवरूनच दाखवता येते.