मुक्या करवतीचे कानमंत्र

भाचेराव,

पाठवलेला फोटो पाहिला. अंगात हाफ पँट, पायात स्लीपर, एका हातात नवंकोरं बॅटरीचं चेनसॉ आणि चेहऱ्यावर गड जिंकल्याचा भाव! मशीन झकास आहे हो. स्लीपरबद्दल खाली बोलूच.

तुझा बाबा आणि काका मुंबईला गेले आणि दापोलीकडची ही बाग सांभाळायला मागे राहिले ती मी, त्यामुळे चुका करायच्या सगळ्या संधीही मलाच मिळाल्या. आता गुडघ्याच्या ऑपरेशनपायी पुण्यात लेकीकडे अडकले आहे, म्हणून हे लिहून धाडते. फ्रिजवर चिकटव.

आधी एकच गोष्ट सांगते, बाकीचं तिच्यातूनच निघतं. आपलं जुनं पेट्रोलचं कटर आठव. दोरी चार वेळा ओढायची, ते खोकायचं, धूर सोडायचं, मग असं काही बोंबलायचं की वरच्या वाडीतली कुत्रीसुद्धा बाजूला व्हायची. तो आवाज म्हणजे फुकटचा राखणदार होता. बॅटरीचं मशीन बोट दाबेपर्यंत गप्प, सोडल्यावर परत गप्प. मुक्या विळीला बोटाची भूक जास्त! तेव्हा राखणदाराचं काम आता तुझ्याकडे.

१. मशीनला हात लावायचा तर आधी बॅटरी काढ, मग चेन ताण, भुसा झटक नाहीतर तेल भर — पेट्रोलचं बंद केलं की मेलेलं असायचं, हे नुसतं डोळे मिटून पडलेलं असतं. आधी बॅटरी काढ, मग शंका काढ.

२. एका झाडाकडून दुसऱ्याकडे जाताना बॅटरी खिशात, पट्टीवर कव्हर, टोक मागच्या बाजूला — घसरून पडलास तरी करवत तुझ्या मागेच राहील.

३. काम नसताना बोट ट्रिगरवर ठेवू नकोस. हे मी पदर देऊन शिकले. सहा इंची छोटी करवत हातात, काजूची वाळकी डहाळी कापून झालेली, आणि मी वळून गड्याला हाक मारली. बोट तिथंच राहिलं होतं. हाकेच्या जोरात ते दाबलं गेलं आणि पदर कोपरापर्यंत आत! सुती साडी, म्हणून चेन गुंडाळून अडकली आणि मोटर कण्हून थांबली. अर्धा तास कात्रीनं दोरे काढत बसले होते. त्या दिवसापासून साडीवर तुझ्या आतोबांचा फुल शर्ट, आणि पदर आत खोचलेला.

४. बटण दाबण्याआधी मोठ्यानं ‘चालू’ म्हण आणि जवळचे सगळे तुझ्याकडे बघेपर्यंत थांब — लाज वाटेल चार दिवस, पाचव्या दिवशी गडीच आधी विचारतील.

५. स्लीपर घरात. बागेत पुढून टणक असलेले बूट, डोळ्यांवर गॉगल, हातमोजे — आणि कानात बोळे, कारण मुकं म्हटलं तरी लाकडात शिरलं की ते कानाशी चांगलंच किंचाळतं.

६. मांडीवर बांधायची ती जाड संरक्षक पँट घेतलीस तर उत्तमच, पण तिच्या भरवशावर पाय पुढे करू नकोस — आतले धागे चेनला गुरफटून पेट्रोलचं इंजिन अडवतात, विजेची मोटर मात्र वेग पडला तरी ओढत राहते.

७. दोन्ही हात मशीनवर, डाव्या अंगठ्याचा विळखा पुढच्या दांड्याभोवती पक्का. एक हात फांदीला आणि एक मशीनला हा संसार फार टिकत नाही — तुझ्या फोटोतला तो हात मी पाहिलाय.

८. पट्टीच्या टोकाचा वरचा पाव भाग कशालाही टेकू देऊ नकोस — तिथले दात लाकडात अडले की अख्खी पट्टी उसळून थेट तोंडाकडे येते. म्हणूनच डोकं आणि खांदा पट्टीच्या रेषेत ठेवायचे नाहीत, जरा डावीकडे उभं राहायचं.

९. शिडीवर चढून चेनसॉ चालवायचं नाही, मग ते कितीही हलकं असो — शिडीला दोन पाय, तुला दोन पाय आणि करवतीला पन्नास दात, यात हरणार कोण ते उघड आहे. उंचावरच्या फांदीला लांब दांड्याची करवत घे आणि फांदीच्या बरोबर खाली उभा राहू नकोस.

१०. जाड फांदी तीन घावांत उतरव. बुंध्यापासून हातभर लांब खालून थोडं काप, मग त्याच्या जरा पुढे वरून पूर्ण काप, आणि शेवटी उरलेला ठोंब बुंध्याजवळच्या फुगीर कड्याच्या बाहेरून काढ — एकाच घावात केलंस तर फांदी जाताना खोडाची साल पट्ट्यासारखी सोलून नेते.

११. आंब्याची जखम उघडी ठेवू नकोस, त्याच दिवशी बोर्डो पेस्ट लाव. किलोभर मोरचूद, किलोभर कळीचा चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळे भिजवून मग एकत्र कर, प्लास्टिकच्या बादलीत — लोखंडी बादलीला मोरचूद खातं आणि पेस्ट वाया जाते.

हा पुढचा मुद्दा लांबेल, चहा घेऊन बस.

१२. वादळात पडलेलं झाड म्हणजे ताणलेलं धनुष्य, ते पडलेलं लाकूड समजू नकोस. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि दापोली-मंडणगडलाही झोडपून गेलं. आपल्या विहिरीजवळचा रायवळ आंबा मुळांसकट आडवा झाला. मुळं मातीचं ताट धरून पुरुषभर उंच उभी, आणि खाली हा एवढा खड्डा. एक गडी त्या खड्ड्यात उतरून माती ओढत होता, दुसरा चार हातांवर बुंधा कापत होता. मी जेवायला हाक मारली. खड्ड्यातला वर आला, हात धुवायला गेला. कापणारा म्हणाला, एवढं संपवून येतो. बुंधा तुटला, आणि शेंडा सुटल्याबरोबर ते मुळांचं ताट धप्पकन मागे फिरून खड्ड्यात बसलं. जणू झाड परत उभं राहिलं. कोणी काही बोललं नाही, जेवणही कोणाला गेलं नाही. पडलेल्या झाडाच्या मुळांखाली कोणी उभं राहायचं नाही, आणि असं झाड तू एकट्यानं कापायचं नाहीस.

१३. वाकलेल्या फांदीची कुठली बाजू दाबलेली आणि कुठली ताणलेली ते आधी बघ. दाबलेल्या बाजूनं थोडंच काप आणि ताणलेल्या बाजूनं संपव — उलटं केलंस तर पट्टी चिमट्यात अडकते.

१४. विजेच्या तारेजवळची फांदी आपली नाही, महावितरणची. त्यांना कळव आणि वाट बघ — ओली फांदी तारेला टेकली की झटका हातापर्यंत आणून देते.

१५. आख्खं झाड तोडायचं मनात आलं तर मशीनच्या आधी अर्ज. आंबा, फणस, साग, खैर, चिंच ही सगळी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत — सातबारा आपला असला तरी परवानगी लागते.

आता मशीनच्या पोटापाण्याचं.

१६. बॅटरीचं असलं तरी चेनला तेल लागतंच. टाकी रोज बघ. टोक एखाद्या जुन्या वर्तमानपत्रावर वीतभर उंच धरून क्षणभर चालव, कागदावर तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे — रेघ नाही म्हणजे पट्टी कोरडी जळतेय. गाडीतलं काढलेलं काळं तेल घालू नकोस, त्यात धातूचा कीस असतो.

१७. चेन पट्टीच्या मध्यावर चिमटीत धरून उचल. खालची टोकं खाचेतून पूर्ण बाहेर येता कामा नयेत आणि सोडल्यावर चेन टपकन जागेवर बसली पाहिजे. कामात तापून ती सैल होते, तेव्हा ताणली असशील तर संध्याकाळी परत सैल कर — थंड झाली की आवळते आणि मोटरच्या दांड्यावर ताण येतो.

१८. भुशाकडे बघत जा. ढलप्या पडतायत तोवर चेन धारेवर आहे, पीठ पडायला लागलं की कानस काढ — बोथट चेन दाबावी लागते, दाबली की बॅटरी दुप्पट खाते आणि हात घसरतो. प्रत्येक दाताला कानशीचे घाव मोजून सारखेच दे, नाहीतर करवत तिरकं कापायला लागेल.

१९. बुंध्यावरची माती आधी ब्रशनं झाड — आपल्या जांभ्याच्या मातीत दोन मिनिटं फिरली की चेनची सकाळची धार दुपारी शोधावी लागते.

२०. फणस कापलास तर चीक सुकायच्या आत पट्टी खोबरेल तेलानं पूस. हे तुला सांगायला नको, गरे खाऊन हात कसे धुतोस ते आठव.

२१. दुकानात एक खोका १८ व्होल्टचा आणि दुसरा २१ व्होल्टचा म्हणून जास्त पैसे देऊ नकोस. आत बहुतेक तेच पाच सेल असतात, एकाचा सरासरी आकडा ३.६ आणि पूर्ण भरल्यावरचा ४.२ — पाचानं गुणून बघ. बॅटरी किती टिकेल हे व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर केल्यावर कळतं: १८ व्होल्ट, ४ अँपिअर-अवर म्हणजे ७२ वॅट-अवर.

२२. शक्यतो सगळी हत्यारं एकाच कंपनीच्या बॅटरीवर चालणारी घे — नाहीतर पडवीत चार चार्जर आणि चालू एकच, अशी गत होते. माझी झाली होती.

२३. कामावरून आलेली बॅटरी गरम असते, ती अर्धा तास सावलीत ठेवून मग चार्जिंगला लाव — तापलेल्या सेलला भरवलं की त्याचं आयुष्य झरतं. मे महिन्यात गाडीच्या डिकीत तर मुळीच विसरू नकोस.

२४. चार्जिंग जमिनीवर, फरशीवर, डोळ्यांसमोर. माळ्यावर पेंढ्याशेजारी नाही आणि रात्री सगळे झोपल्यावर तर नाहीच — लिथियमची आग सेलच्या आतून पेटते, वरून फडका टाकून विझत नाही.

२५. बॅटरी फुगली, पडून तडकली किंवा पाण्यात गेली तर ती मेली असं समज. अंगणात मोकळ्या जागी नेऊन ठेव आणि मग विकणाऱ्याकडे परत दे — २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनी ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. भंगारवाल्याला दिलीस तर तो हातोडीनं फोडेल.

२६. अमेरिकेहून कोणी मायेनं चार्जर आणला तर खालचं बारीक अक्षर वाच. आमच्या भावजींनी आणलेला १२० व्होल्टचा होता, आपल्या भिंतीत २३० — एक फट्ट, थोडा वास, आणि दिवाळीची भेट दिवाळीतच संपली. आणि विमानानं सुटी बॅटरी न्यायची तर १०० वॅट-अवरपर्यंतची, तीही हातातल्या पिशवीत.

२७. पावसाळ्यात चेनसॉची बॅटरी अर्धी भरून कोरड्या कपाटात ठेव आणि महिन्यातून एकदा तिच्यावरचे दिवे बघ. फवारणी पंपाचं मात्र उलटं — त्यात बहुधा शिशाची बॅटरी असते, ती पूर्ण भरूनच ठेवायची, अर्धवट राहिली की आत खडे धरते. लिथियम निजते अर्धपोटी, शिशाला हवी भरली वाटी.

२८. वीज कडकडायला लागली की चार्जर भिंतीतून काढ. टीव्हीचं आपण करतो, तेच.

२९. बॅटरीचा ग्रास कटर चालवताना पन्नास फुटांत माणूस, गुरं, गाडीची काच काही नको — नायलॉनची दोरी खडा गोफणीसारखा फेकते. दोरी संपली म्हणून तार बांधायची हुशारी कोणी शिकवली तर त्याला माझा नंबर दे.

३०. कलमाच्या बुंध्याभोवतीचं गवत हातानं, विळ्यानं काढ — दोरीनं साल गोल सोलली की कलम हिरवंच दिसतं आणि महिन्या-दोन महिन्यांनी अचानक वाळतं. सात कलमं मी अशी घालवली आणि दोष वाळवीला दिला.

३१. गडग्याजवळच्या गवतात शिरण्याआधी काठीनं झोडप, बूट आपट — चिऱ्यांच्या फटीत फुरसं बसतं, आणि ते आपणहून वाट सोडायला फारसं उत्सुक नसतं.

एक गंमत सांगायची राहिली. तुला वाटतं विजेवरचं चेनसॉ म्हणजे नवं युग. अरे, जर्मनीतल्या आंद्रेआस श्टीलनं १९२६ मध्ये पहिलं बनवलं ते विजेवरचंच होतं, दोघांनी धरायचं. पेट्रोलवालं त्यानंतर आलं. नव्यानं आली आहे ती फक्त खिशात मावणारी वीज.

३२. शेजारी मशीन मागायला आले तर नाही म्हणू नकोस, पण बॅटरी घेऊन स्वतः जा आणि काम होईपर्यंत तिथं उभा राहा. ते चहा देतील, तो घे.

३३. गोठ्यावर आलेली फणसाची वाळकी फांदी तुला खुणावत असेल. ती मी येईपर्यंत राहू दे, डॉक्टरांनी पंधरा तारखेनंतर प्रवासाला हो म्हटलंय. खाली बांधलेली गाय मात्र आजच दुसरीकडे बांध.

— आत्या