उद्योगांचे सामाजिक दायित्व आणि गावाची तयारी

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशीच्या गणेश विसर्जनानंतर गावे झोपी गेली होती. पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील हजारो माणसे स्वतःच्याच घरांच्या दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेली. शासकीय यंत्रणेच्या बरोबरीने देशभरातील उद्योगसमूह, वृत्तपत्रे, सेवाभावी संस्था आणि नोकरदार वर्ग मदतीस धावून आला. त्या वेळी अशा मदतीचे कोणतेही कायदेशीर बंधन नव्हते. आज मोठ्या कंपन्यांवर ते आहे. म्हणूनच किल्लारीच्या अनुभवाकडे नव्याने पाहणे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांना उपयुक्त ठरेल.

किल्लारीचा धडा

पुनर्वसनात ५२ गावांचे पूर्णतः स्थलांतर करण्यात आले. त्यांपैकी अनेक गावांच्या उभारणीत देणगीदार संस्थांनी भाग घेतला. केरळमधील ‘मल्याळ मनोरमा’ या दैनिकाने वाचकांच्या देणग्यांतून लातूर जिल्ह्यातील बाणेगावच्या पुनर्वसनाचे काम हाती घेतले. त्याची रचना वास्तुविशारद लॉरी बेकर यांची होती. पुण्याच्या भारतीय जैन संघटनेने उद्योजक शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी पुण्यात उचलली. घर पडले तरी मुलांचे शिक्षण थांबू नये, हा त्यामागील विचार होता.

मात्र सर्वच ठिकाणी फळ सारखे मिळाले नाही. काही नव्या वसाहती सरळ रेषेतील रस्ते आणि एकसारखी घरे अशा पद्धतीने आखल्या गेल्या. जुन्या गावातील भावकीची लगत घरे, जनावरांचा गोठा, कडबा ठेवण्याची जागा, बायकांचे एकत्र बसण्याचे अंगण यांचा त्या आखणीत पुरेसा विचार झाला नव्हता. याउलट ज्या गावांचे स्थलांतर झाले नाही, तेथे घरमालकाने शासनाच्या अर्थसाहाय्यातून स्वतःच बांधकाम वा दुरुस्ती करावी, अशी पद्धत अवलंबिण्यात आली. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या सहकार्याने गावोगावच्या महिलांनी ‘संवाद सहायक’ म्हणून काम करून भूकंपरोधक बांधकामाची माहिती घरोघर पोहोचविली. घर कसे हवे हे तेथे राहणाऱ्यानेच ठरविले. देणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असला, तरी घेणाऱ्याचा विचार घेतल्याविना मदत टिकत नाही, हा या अनुभवाचा सारांश होय.

कायद्याची चौकट

कंपनी अधिनियम, २०१३ मधील कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून अमलात आले. लगतपूर्व आर्थिक वर्षात ज्या कंपनीचे नक्त मूल्य ५०० कोटी रुपये, उलाढाल १,००० कोटी रुपये किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावयाची असते. यालाच आपण ‘सीएसआर’ म्हणतो. शिक्षण, आरोग्य, पिण्याचे पाणी, स्वच्छता, पर्यावरण, ग्रामविकास आदी विषय त्यात येतात. केवळ कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या लाभाची कामे तसेच राजकीय पक्षांना दिलेल्या देणग्या यात धरल्या जात नाहीत.

कंपनीने आपल्या कार्यक्षेत्राच्या परिसरास प्राधान्य द्यावे, असे कायदा सांगतो. मराठवाड्यापुढील अडचण नेमकी येथेच आहे. किनवट, माहूर किंवा जळकोट यांसारखे तालुके मोठ्या औद्योगिक पट्ट्यांपासून दूर आहेत. तथापि हे प्राधान्य मार्गदर्शक स्वरूपाचे असून बंधनकारक नाही, असे केंद्र शासनाने २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे दूरच्या कंपनीकडेही गावाला प्रस्ताव पाठविता येतो.

गावाने करावयाची तयारी

प्रस्ताव ग्रामसभेतून यावा. ग्रामपंचायत विकास आराखड्यात ज्या गरजा नोंदल्या गेल्या आहेत, परंतु ज्यांना शासकीय योजनेतून निधी मिळालेला नाही, त्यांची यादी प्रथम करावी. कामाची जागा कोणाच्या मालकीची आहे, लाभार्थी किती, खर्च किती आणि काम पूर्ण झाल्यावर देखभाल कोण करणार, ही चार उत्तरे प्रस्तावात असलीच पाहिजेत. शाळेला संगणक मिळतात, पण वीजबिल कोणी भरावयाचे हे ठरलेले नसते; मग खोलीला कुलूप लागते. असे कुलूप पाहिलेला देणगीदार पुन्हा त्या गावाकडे वळत नाही.

काम स्वयंसेवी संस्थेमार्फत होणार असल्यास तिची केंद्र शासनाकडे ‘सीएसआर-१’ नमुन्यात नोंदणी झाली आहे काय, हे पाहून घ्यावे. १ एप्रिल २०२१ पासून ही नोंदणी आवश्यक आहे. या निधीतून उभी राहिलेली स्थावर मालमत्ता कंपनीला स्वतःच्या नावे ठेवता येत नाही. ती सार्वजनिक प्राधिकरण, नोंदणीकृत संस्था किंवा लाभार्थ्यांचे गट यांच्याकडे असावी लागते. म्हणून हस्तांतरणाचा कागद प्रारंभीच तयार करावा.

कर्मचाऱ्यांचा वाटा

कंपनीचा खर्च हे कायद्याचे पालन आहे; कर्मचाऱ्याने दिलेले एका दिवसाचे वेतन किंवा सुटीचा दिवस हे मात्र सर्वस्वी त्याच्या इच्छेवर अवलंबून असते. नांदेड–लातूर भागातील अनेक तरुण आज पुणे, मुंबई, हैदराबाद येथील कंपन्यांत नोकरी करतात. आपल्या गावची शाळा व पाणंद त्यांना ठाऊक असते आणि आपल्या कंपनीत सामाजिक कार्याचा विभाग कोण पाहतो, हेही ते विचारू शकतात. गाव आणि कंपनी यांच्यातील असा दुवा दुसरा नाही. ग्रामपंचायतीने त्यांची नोंद ठेवावी, मुख्याध्यापकांनी माजी विद्यार्थ्यांशी संपर्क ठेवावा.

१९९३ मध्ये मदत आपत्तीच्या मागोमाग आली आणि गावाला विचार करण्यास उसंत मिळाली नाही. आज ती उसंत आहे. येत्या ग्रामसभेत गरजांची यादी वाचली गेली, तर मदत देणाऱ्यास काय हवे ते गावच सांगू शकेल.